पाटी कुणी रंगवायची?

झाशीच्या जुन्या शहरात, राणीमहालाच्या शेजारी, मानिक चौकाचा बाजार भरतो. कुठल्याही जुन्या पेठेची जी रीत, तीच याही बाजाराची. ज्याची पाटी कापडाची तो कापड विकतो, ज्याची सराफीची तो दागिने. गिऱ्हाईक घाईत असतं. पाटीवर नजर टाकून त्याला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: आत शिरायचं की नाही, आणि शिरलो तर मागायचं काय. कापडवाला घरी पेटी उत्तम वाजवत असेल, पण पाटीवर ते लिहून त्याचं एक पातळही जास्त खपणार नाही.

आजच्या तरुण कलावंताला हाच बाजाराचा कित्ता गिरवायला सांगितलं जातं. एक विषय धर, एक शैली धर, रंगसंगतीसुद्धा एकच ठेव. तू कोण आहेस हे बघणाऱ्याला क्षणात कळलं पाहिजे. याला आता सगळे ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात आणि तो उभारून देणाऱ्यांचा एक वेगळा धंदाही उभा राहिला आहे. पण एखादी मुलगी चित्रं काढते, कविता करते, गडकिल्ल्यांवर व्हिडिओ बनवते आणि जोडीला मातीची भांडीही घडवते. तिने काय करायचं? तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या जातात. एक, चारांतल्या तीन गोष्टी सोडून द्यायच्या. दोन, चारही गोष्टींना एकच रंग फासायचा, एकच बोधचिन्ह चिकटवायचं आणि ‘माझं सगळं एकच आहे’ असं भासवायचं. पहिल्या वाटेत माणूस आखडतो. दुसरीत तो सजतो, पण उलगडत नाही.

मला दोन्ही वाटा चुकीच्या वाटतात. मात्र पाटीच नको, हेही मला मान्य नाही. बहुरंगी माणसाने ‘मी एका चौकटीत मावत नाही’ असं म्हणत मिरवणं हा आळसाचाच एक प्रकार असतो. ज्याला आपल्याविषयी एक धड वाक्य सांगता येत नाही, त्याच्याविषयीचं वाक्य दुसरे कुणीतरी रचतात. एकसंध ओळख वगळण्यातूनच घडते, त्याला इलाज नाही. वगळणार कोण आणि कोणत्या निकषावर, एवढंच आपल्या हातात असतं. याचे धडे जिथे गिरवता येतात, असं एक शहर म्हणजे झाशी.

सुरुवात गंगाधरराव नेवाळकरांपासून करू. नेवाळकर मूळचे कोकणातले. बुंदेलखंडात मराठ्यांची सत्ता रुजल्यावर झाशीची सुभेदारी त्यांच्याकडे आली आणि काही पिढ्यांत सुभेदारांचे राजे झाले. गंगाधररावांचा हक्क १८३८ मध्ये मान्य झाला, तेव्हा संस्थान कर्जात होतं आणि कारभार कंपनी सरकारने आपल्याकडे ठेवला होता. तो त्यांना काही वर्षांनी परत मिळाला. या राजाला नाटकाचं वेड होतं. पदरी नाटकमंडळी होती, आणि तो स्वतः स्त्रीभूमिका घेऊन रंगमंचावर उतरत असे, अशा कथा झाशीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्याच्या पदरी संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये या ग्रंथालयाची कीर्ती नोंदवून ठेवली आहे: काशीच्या पंडितांनाही इथल्या पोथ्यांच्या नकला करून न्याव्याशा वाटत.

पोथ्या जमवणं आणि नाटकं उभी करणं यांतला धागा आज आपल्याला सहज दिसतो. विद्या कपाटात जपायची आणि तीच रंगमंचावर बोलती करायची, असा हा एकाच आवडीचा दुहेरी संसार आहे. पण तो धागा त्या काळी कुणी उलगडून मांडला नाही. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी घेतलेलं दत्तक डलहौसीने नामंजूर केलं आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. नाटक तर पडद्याबरोबरच संपलेलं होतं. पोथ्या १८५८ च्या एप्रिलमध्ये ह्यू रोजची फौज शहरात शिरली तेव्हा झालेल्या लुटीत आणि जाळपोळीत गेल्या. मागे उरलं ते दुसऱ्यांनी लिहिलेलं. संस्थान गिळायला निघालेल्या सत्तेला शौकीन, लहरी राजाची प्रतिमा सोयीची होती, आणि लोकांना चुरचुरीत आख्यायिका हव्या होत्या. आज शाळेतल्या मुलाला गंगाधरराव ठाऊक असतात ते राणीचे पती म्हणून. फार तर कुणी ‘नाटकवेडा राजा’ म्हणेल, तेही हसत. अनेक आवडी असलेल्या माणसाची पाटी त्याने स्वतः रंगवली नाही, की वारसदार आणि विरोधक मिळून ती रंगवतात. त्यात तो माणूस ओळखू येईलच, असं नाही.

आता त्याच घरातलं दुसरं टोक पाहा. लक्ष्मीबाईंइतकी पक्की, एका नजरेत कळणारी प्रतिमा हिंदुस्थानच्या इतिहासात क्वचितच कुणाला लाभली असेल. घोडा, उपसलेली तलवार, पाठीशी बांधलेला मुलगा. चौकातल्या पुतळ्यापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत हे चित्र कुणीही, कुठेही ओळखतो. पण गोडसे भटजींची राणी या चित्रापेक्षा कितीतरी ऐसपैस आहे. ती पहाटे व्यायाम करते, घोड्यावर बसते, पूजा करते, दरबारात बसून फिर्यादी ऐकते, कधी पुरुषी वेष करते, थंडीने कुडकुडणाऱ्या गरिबांना कपडे वाटते. घोड्यांची पारख तिला आहे, ब्राह्मणांच्या दक्षिणेचा हिशेब तिला आहे, तोफांच्या मोर्च्याचंही भान आहे. संस्थान गेल्यावर किल्ला सोडून राणीमहालात राहायला आलेली, पेन्शनीच्या प्रस्तावावर खलित्यांमागून खलिते पाठवणारी, वकील नेमणारी, कायद्याची भाषा वापरून भांडणारी राणीही तीच. पुतळ्यात यातलं काहीच येत नाही.

ही कपात कुणा एकाने केली नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी लिहिलेलं राणीचं मराठी चरित्र १८९४ मध्ये आलं. गोडश्यांचा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मग सुभद्राकुमारी चौहानांची कविता आली, वृंदावनलाल वर्मांची कादंबरी आली, १९५३ मध्ये सोहराब मोदींचा चित्रपट आला. मराठीत शिरवाडकरांनी ‘वीज म्हणाली धरतीला’ हे नाटक लिहिलं. यांतल्या चरित्रा-कादंबऱ्यांत राणीचे कितीतरी पैलू आहेत. पण लोकांच्या मनाने आपली चाळणी लावली आणि शेवटच्या लढाईतला एक क्षण तेवढा ठेवून घेतला.

हे चूक झालं, असं मी म्हणत नाही. पारतंत्र्यातल्या समाजाला त्या एका क्षणाची गरज होती. एकसंध प्रतिमेची ताकद किती आणि किंमत किती, हे मात्र इथे एकाच वेळी दिसतं. प्रतिमा जितकी ठसठशीत, तितकं तिच्याबाहेर राहिलेलं जास्त. ब्रँड उभारायचे धडे देणारे ताकदीचा भाग भरभरून सांगतात आणि किमतीचा गाळतात.

झाशीतलं तिसरं उदाहरण याहून बोचरं आहे. चंद्रशेखर आझादांचं मिशीला पीळ देणारं छायाचित्र न पाहिलेला भारतीय विरळा. ते टिपलं झाशीच्या मास्टर रुद्रनारायण यांनी. काकोरीच्या रेल्वेलुटीनंतर आझाद या शहराच्या आश्रयाला आले. सदाशिवराव मलकापूरकर, विश्वनाथ वैशंपायन यांच्यासारखे इथल्या मराठी घरांतले तरुण त्यांचे साथीदार झाले, आणि रुद्रनारायणांचं घर हा त्यांचा हक्काचा आसरा झाला. रुद्रनारायण शिक्षक होते, चित्रकार होते, मूर्तिकार होते, छायाचित्रकार होते, आणि क्रांतिकारकांचे पाठीराखेही. त्यांच्या हातून झालेलं एक काम देशाच्या स्मरणात कायमचं जाऊन बसलं. काम अमर आणि कर्ता बहुतेकांना अनोळखी! पोलिसांच्या नजरेखाली जगणाऱ्या माणसाने छायाचित्राखाली नाव घालायचं नसतंच, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा प्रश्न नाही. पण हे ध्यानात ठेवायला हवं की चांगलं काम आपोआप आपल्या कर्त्याचं नाव सांगत नाही. अनेक माध्यमांत वावरणाऱ्याचं तर नाहीच. कारण चित्र पाहणारे वेगळे, मूर्ती पाहणारे वेगळे, छायाचित्र पाहणारे वेगळे, आणि त्या सगळ्यांना जोडणारा पूल कुणी बांधलेला नसतो.

हा पूल बांधता येतो. तो बांधणारा माणूसही झाशीचाच. वृंदावनलाल वर्मा (१८८९–१९६९) पेशाने वकील. झाशीच्या कचेरीत वकिली, फावल्या वेळात जंगलात शिकार, रात्री लेखन. कादंबऱ्या, नाटकं, कथा, शिकारीच्या आठवणींचं ‘दबे पाँव’ आणि आत्मकथन, असा त्यांचा पसारा. सल्लागाराकडे गेले असते तर त्याने त्यांना पहिल्याच भेटीत बंदूक ठेवून द्यायला सांगितलं असतं. पण वर्मांच्या बाबतीत बंदूक, कचेरी आणि लेखणी एकाच मातीत रोवलेल्या होत्या. शिकारीमुळे बेतवाकाठची रानं, खिंडी, पडक्या गढ्या पायाखालच्या झाल्या. वकिलीमुळे कागदपत्रं वाचायची, साक्षी पारखायची, जमिनीच्या तंट्यांतून गावाची नाडी ओळखायची सवय लागली. हे सगळं ‘गढ़ कुंडार’मध्ये, ‘विराटा की पद्मिनी’मध्ये, १९४६ च्या ‘झाँसी की रानी’मध्ये आणि १९५० च्या ‘मृगनयनी’मध्ये उतरलं. त्यांनी अहिल्याबाईंवर आणि महादजी शिंद्यांवरही लिहिलं. पण हिंदी वाचकाच्या मनात त्यांची ओळख ठरली ती बुंदेलखंडाचा कथाकार हीच. विषय बदलले, प्रकार बदलले, भूमी बदलली नाही. तीच त्यांची पाटी होती.

याच शहरात रेल्वेच्या तारखात्यात चाकरी केलेले महावीरप्रसाद द्विवेदी हे आणखी एक उदाहरण. मराठी उत्तम जाणणारा हा माणूस १९०३ मध्ये ‘सरस्वती’चा संपादक झाला आणि पुढे रेल्वेची नोकरी सोडून पूर्णवेळ तिकडे वळला. त्यांनी कविता केली, टीका लिहिली, भाषांतरं केली, ‘सम्पत्तिशास्त्र’ नावाने अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. वरवर पाहता ही विषयांची खिचडी. पण हिंदी गद्य कोणताही विषय पेलण्याजोगं, नेमकं आणि नीटस व्हावं, या एका ध्यासाने सगळं बांधलेलं. वर्मांना एका प्रदेशाने एकत्र ठेवलं, द्विवेदींना एका ध्येयाने. दोघांच्याही बाबतीत ‘तुम्ही नेमके कोण?’ या प्रश्नाचं उत्तर पेशाच्या किंवा वाङ्मयप्रकाराच्या नावाने देता येत नव्हतं, आणि तरीही लोकांचा गोंधळ उडाला नाही.

मराठी मुलखात तर या प्रश्नावर शंभर वर्षं प्रयोग चालू आहेत. त्यातून तीन रीती निघाल्या आणि प्रत्येकीची गुणदोषांसकट पारख करता येते.

पहिली रीत वेगवेगळ्या नावांची. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) नाटककार म्हणून गडकरी, कवी म्हणून गोविंदाग्रज आणि विनोदी लेखक म्हणून बाळकराम. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ फुलवली ती केशवकुमार होऊन. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचं. आजच्या विपणनाच्या भाषेत हे वेगवेगळे ब्रँडच झाले, पण या लेखकांनी ते बाजाराच्या नियमाने केले नव्हते. गोविंदाग्रजांच्या कवितेतली व्याकुळता घेऊन बसलेल्या वाचकाला बाळकरामाच्या ठकीच्या लग्नाचा गोंधळ एकदम समोर आला असता, तर दोन्हींचा रसभंग झाला असता. नाव बदललं की वाचक मन बदलून बसतो. तोट्याचं सांगायचं तर, प्रत्येक नावाला शून्यापासून कीर्ती कमवावी लागते. ज्याचं एक नाव अजून रुजलेलं नाही, त्याने तीन नावं लावणं म्हणजे तिन्ही रोपं उन्हात ठेवणं. आणि गंमत अशी की काळाने ती सगळी नावं पुन्हा एका माणसाच्या खात्यावर जमा केली. शिरवाडकरांचा जन्मदिवस आज मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, तेव्हा कवी आणि नाटककार असे दोन वाढदिवस कुणी करत नाही.

या रीतीचा फार देखणा वापर एका वैज्ञानिकाने केला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांना उलटं फिरवून घेतलेलं हे नाव. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. खगोलशास्त्रातली जगन्मान्य कीर्ती हाताशी असताना त्यांनी ती बाजूला ठेवली, ते कथेचा कस कथा म्हणूनच लागावा यासाठी. एकदा तो लागला, मग त्यांनी विज्ञानकथा आपल्या नावावर राजरोस लिहिल्या. नव्या क्षेत्रात पाऊल टाकताना जुनी ओळख दार उघडून देते आणि परीक्षेत नापास होण्याचा हक्कही हिरावून घेते. आज ज्यांचे अनुयायी लाखांत आहेत त्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. आपली कविता लोकांना आवडते, की आपण आवडतो?

दुसरी रीत पु. ल. देशपांड्यांची: नाव एक, आवाज एक, माध्यमं वाटेल तितकी. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मध्ये कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायक सगळं त्यांचंच. नाटक, एकपात्री प्रयोग, प्रवासवर्णन, पेटी, गाण्याला चाल, नभोवाणी. त्यांना कुणी ‘तुम्ही नेमकं काय करता?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. माणसाच्या लकबीकडे, त्याच्या छोट्या अहंकारांकडे आणि मोठ्या एकटेपणाकडे लोभाने पाहणारी एक नजर या सगळ्यातून फिरत होती. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्या नजरेलाच मिळाला म्हणा ना. पण या रीतीलाही किंमत द्यावी लागली. ‘विनोदी लेखक’ ही मोहोर इतकी गडद बसली की ‘एका कोळियाने’ लिहिणारे, रवींद्रनाथांसाठी बंगाली शिकणारे पु. ल. तिच्याखाली झाकले गेले. सभेत ते उभे राहिले की लोक आधीच हसायच्या तयारीत. एकच आवाज असणाऱ्याला सूर बदलायची मुभा लोक सहजी देत नाहीत.

तिसरी रीत दादासाहेब फाळक्यांची: सगळ्या कला एका कामात ओतायच्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं शिक्षण, बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छपाईचा व्यवसाय, आणि ‘प्रोफेसर केळफा’ असं आडनाव उलटं करून केलेले जादूचे प्रयोग. चाळिशीपर्यंत पाहिलं तर धरसोडीचा नमुना वाटावा असं हे आयुष्य. मग ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि आधीची एकेक धरसोड तयारी ठरली. देखावे चित्रकाराने रंगवले, कॅमेरा छायाचित्रकाराने हाताळला, रसायनं छापखान्यातल्या माणसाने ओळखली, आणि पडद्यावरचे चमत्कार जादूगाराने घडवले. पण या रीतीत नशिबाचा वाटा फार मोठा. सगळ्या कलांना सामावून घेणारं माध्यम त्याच काळात जन्माला यावं लागतं. ते आलं नसतं, तर फाळके कसबी पण अस्थिर माणूस म्हणूनच गेले असते.

या तिन्हींत न बसणारा एक माणूस म्हणजे अरुण कोलटकर. जाहिरात क्षेत्रात अव्वल दर्जाचा दृश्यकल्पक, मराठीत आणि इंग्रजीत कवी. १९७६ ची ‘जेजुरी’, १९७७ चा ‘अरुण कोलटकरच्या कविता’, अखेरच्या वर्षांतलं ‘भिजकी वही’ आणि त्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार. दुसऱ्यांच्या मालाची ओळख घडवण्यात आयुष्य गेलेल्या या कलावंताने स्वतःची ओळख घडवायची सोय जवळजवळ नाकारली. प्रसिद्धीपासून ते कटाक्षाने लांब राहिले. तरीही कोलटकर नेमके ओळखू येतात. जाहिरात असो, पुस्तकाचं मुखपृष्ठ असो की ओळ असो, अनावश्यक एक रेघ ते चालू देत नसत. ही काटकसर हीच त्यांची सही. ब्रँडचा गाजावाजा आणि ओळखीचा नेमकेपणा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीत त्यांच्याइतकं कुणी दाखवलं नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप झाशीतूनच येतो. झाशीचे हॉकीपटू ध्यानचंद यांनी तीन ऑलिंपिकमध्ये, १९२८, १९३२ आणि १९३६ ला, सुवर्णपदक मिळवलं ते हॉकी आणि फक्त हॉकी खेळून. एका गोष्टीला आयुष्य दिल्याशिवाय उंची येत नाही, असं या उदाहरणावरून कुणी म्हणेल. खेळापुरतं हे खरंच आहे. शरीराला वय असतं, निकाल गोलफलकावर लागतो आणि सराव विभागला की पाय मागे पडतो. सर्जनाच्या क्षेत्रात एका कलेचा घाम दुसऱ्या कलेत झिरपतो. पण आक्षेपातला अर्धा भाग इथेही मान्य करायला हवा: निदान एका कलेत तरी खोल उतरलेलं असावं लागतं. वर्मा, पु. ल., नारळीकर यांच्या भटकंतीला बळ होतं, कारण प्रत्येकाचं एक घर पक्कं होतं. चारही गोष्टी हौशी पातळीवर असलेल्या माणसाला ओळख घडवायची घाई करण्याचं कारण नाही. त्याला आधी एक गोष्ट नीट शिकायची आहे.

दुसरा आक्षेप काळाचा. त्यांच्या वेळी संपादक होते, मासिकं होती, जाणता वाचक थांबून वाचत होता. आता फोनवरच्या यंत्राला सारखेपणा हवा असतो. परवा किल्ल्याचा व्हिडिओ चालला म्हणून आज कविता टाकली, तर ती कुणाच्या समोरच जात नाही. ही तक्रार खोटी नाही. पण ते यंत्र आपली एकेक कृती तपासतं, आपलं आयुष्य नाही. त्याच्यापुढे एका वेळी एकच माध्यम घेऊन जावं आणि वर्ष-दोन वर्षं टिकावं, हे धोरण म्हणून शहाणपणाचं आहे. फक्त त्या धोरणालाच आपला स्वभाव मानायची चूक करू नये. बाजाराला जे दाखवायचं ते आणि आपण जे आहोत ते, यांत अंतर ठेवता येतं. गडकऱ्यांनी ते तीन नावांनी ठेवलं, कोलटकरांनी मौनाने.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यांत वजनदार. बहुरंगीपणा परवडतो कुणाला? वर दिलेल्या नावांकडे पुन्हा पाहा. वर्मांची वकिली, द्विवेदींची रेल्वे, कोलटकरांची जाहिरात, नारळीकरांचं संशोधन. पोट एका कामाने भरलं, म्हणून बाकीच्या कामांना पोटासाठी वाकावं लागलं नाही. आजच्या सल्ल्यात घोळ होतो तो इथे. प्रत्येक आवडीतून उत्पन्न निघालं पाहिजे असा हट्ट धरला की प्रत्येक आवड विकाऊ करावी लागते, आणि विकायची म्हणजे तिला पाटी हवी. चार पाट्या एका दारावर लटकल्या की गिऱ्हाईक बिचकतं. मग आपण म्हणतो, बहुरंगी माणसाला बाजार समजून घेत नाही. बाजार बरोबरच वागतो. चूक आपल्या हट्टात आहे. नोकरी करत कला जोपासणारा माणूस अर्धवट कलावंत, ही समजूत आपण इतक्यातच उचलली आहे. आपल्या वाङ्मयाचा इतिहास तर मास्तर, कारकून, वकील आणि डॉक्टर यांनी भरलेला आहे.

मग त्या चार कला असलेल्या मुलीने करायचं काय? आधी आपल्या कामांतून विषय आणि माध्यम काढून टाकून पाहावं: उरतं काय? चित्रातही, कवितेतही आणि किल्ल्यावरच्या व्हिडिओतही जर ती पडझड झालेल्या गोष्टींकडेच ओढली जात असेल, तर पाटीवर लिहायचं ते वाक्य तिला सापडलं. काही जणांना वर्मांसारखा प्रदेश सापडेल, काहींना द्विवेदींसारखं ध्येय, काहींना कोलटकरांसारखी काटकसर. हे वाक्य ठरवून घडवता येत नाही, पाच-दहा वर्षांच्या कामातून ते गाळून निघतं. म्हणून विशीत ते सापडलं नाही तर घाबरण्याचं कारण नाही. सापडल्यावर मात्र ते आपण स्वतः मांडावं, लिहून ठेवावं, आणि प्रत्येक कामावर नाव आणि तारीख घालावी. गंगाधररावांच्या नाटकांचं आणि रुद्रनारायणांच्या छायाचित्राचं जे झालं, त्यावरचा इलाज इतका साधा आहे.

आणि ज्या आवडी त्या वाक्यात बसत नाहीत? त्यांना पाटीवर आणू नये आणि घराबाहेरही काढू नये. मातीची भांडी तिने घडवत राहावीत, कुणालाही न दाखवता. ज्या गोष्टीने आपली ओळख बनत नाही, त्या गोष्टीत आपण सर्वांत मोकळे असतो. तिथे चुकता येतं, सोडून देता येतं, वाईट काम करून हसता येतं. जाहीर ओळखीला जे बळ लागतं, त्याचा बराचसा साठा या बिननावाच्या कोपऱ्यात तयार होत असतो. आपल्या पिढीचा खरा तोटा असा की तिला कोपरा ठेवायची सवय उरलेली नाही. शिकलेलं प्रत्येक गाणं, रंगवलेला प्रत्येक कागद, केलेली प्रत्येक भाकरी तिला जगाला दाखवावीशी वाटते, आणि मग या सगळ्याचं मिळून एक चित्र का होत नाही याची चिंता लागते. सगळंच दाखवलं तर चित्र होणार नाही, कारण चित्र निवडीतून होतं.

म्हणून अनेक आवडी असणं हा दोष मानून त्यावर उपचार शोधत बसू नये, आणि तो गुण मानून मिरवूही नये. ती फक्त एक वाढीव जबाबदारी आहे. एका कलेच्या माणसाची ओळख त्याची कलाच सांगते. अनेक कलांच्या माणसाला ती स्वतः विचार करून, वगळून, पुन्हा पुन्हा तपासून सांगावी लागते. हे काम तो करणार नसेल, तर त्याच्यासाठी ते दुसरे करतील, आणि त्यांना त्याच्या आयुष्यातली जी गोष्ट सोयीची वाटेल तीच ते ठेवतील. पाटी रंगवायचा कंटाळा आलेल्या माणसाने निदान एवढं तरी ठरवावं, की ती रंगवणारा हात कुणाचा असेल.